जॉब कार्डवर ‘जनरल चेकअप’ लिहू देऊ नका

नवी एसयूव्ही घ्यायच्या विचारात असाल तर हे वाचाच. गाडीत दोष निघू शकतो, ते समजू शकतो. तो दोष जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिसच्या नोंदीच्या कागदावर, येऊच द्यायचा नाही, ही मात्र सरळ फसवणूक.

आमची गाडी साताऱ्यातल्याच शोरूमची. नावं देत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. सुरुवातीपासूनच गाडी डावीकडे ओढायची. यवतेश्वरच्या घाटात वळणावर पुढून कटकट आवाज. पाऊस लागला तसं ड्रायव्हरच्या पायाशी पाणी. चाकांची अलाइनमेंट करून दिली की थोडे दिवस बरी, मग पुन्हा तेच. पुढचा टायर आतून झिजला. सर्व्हिसवाल्याचं पालुपद ठरलेलं, “दादा, या मॉडेलला एवढं असतंच.”

शेवटी ओळखीच्या जुन्या डेंटरकडे, म्हणजे ठोकलेला पत्रा सरळ करणाऱ्याकडे, नेली. त्यानं बॉनेट उघडून डाव्या सस्पेन्शनचा वरचा भाग दाखवला. उजवीकडचं सीलंट एकसारखं, डावीकडचं हातानं थापलेलं. ते खरवडल्यावर वेल्डिंगशेजारी पत्र्याला बारीक चीर. रंगाची जाडी मोजली. कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन असतो. डाव्या फेंडरवर, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर, आकडा त्याच्या कितीतरी पट, म्हणजे खाली पुट्टी. नवी म्हणून विकलेली गाडी आधीच कुठंतरी ठोकलेली होती! या गाडीला वेगळी चेसी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, बॉडीच सगळा भार पेलते. तिथंच चीर, आणि आम्ही पोरांना घेऊन कासला जात होतो.

मॅनेजरनं सुरक्षेचे स्टार पुढे केले. गाड्या धडकवून स्टार देणारी भारत एनकॅप ही चाचणी 1 ऑक्टोबर 2023 पासून सुरू आहे, चांगलंच आहे. पण ते स्टार चाचणीत धडकवलेल्या गाडीवरून मॉडेलला मिळतात. डागडुजी करून माथी मारलेल्या गाडीला ते कसे लागू होतील?

खरा धक्का जॉब कार्डं काढल्यावर बसला. ओढणं, आवाज, पाणी, एकाचाही उल्लेख नाही. ‘जनरल चेकअप’, ‘वॉशिंग’, आणि खाली छापील ‘ग्राहक समाधानी’. सही झाल्याशिवाय चावी हातात देत नाहीत, ती गोम इथं आहे. तक्रार आपल्या शब्दांत लिहायला लावा. नाही म्हणाले तर काउंटरवरूनच ईमेल करा, फोटो जोडा. आणि डेंटरला पासिंगच्या, म्हणजे आरटीओ नोंदणीच्या, आधीच घेऊन जा. नंबर पडला की ‘बदलून द्या’ म्हणणं फार अवघड होतं.

जिल्हा ग्राहक आयोगात 50 लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार चालते, मुदत दोन वर्षांची. 10 ते 20 लाखांच्या गाडीला फी 400 रुपये. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात गाडी प्रयोगशाळेकडून तपासून घ्यायची तरतूद आहे, खर्च मात्र आधी आपल्याला भरावा लागू शकतो. आम्ही तोच अर्ज दिलाय. तोवर गाडी दारात, हप्ता चालू, आणि शोरूमचा फोन येतो की सर्व्हिसला दहापैकी दहा द्या.