आधी रंग की आधी सूत? घरी लोकर रंगवण्याच्या दोन वाटा

धुऊन वाळवलेली लोकर समोर आहे, चरखा किंवा टकळी तयार आहे, रंगाची पुडीही आणून ठेवली आहे. आता लोकर सुटी असतानाच रंगवायची, की सूत कातून, लडी (सुताचा सैल वेढा) करून मग भांड्यात सोडायची? दोन्हीकडे रंग, आम्ल आणि आच सारखीच लागते. पण हाती येणारं सूत निराळं असतं आणि चुकाही निराळ्या होतात.

आधी दोन्हींना लागू पडणारी मापं. मध्यम छटेसाठी १०० ग्रॅम कोरड्या लोकरीला १ ग्रॅम आम्लरंग (अ‍ॅसिड डाय) धरा, काळ्यासाठी ३ ते ४ ग्रॅम. वजन धुतल्यानंतरचंच घ्या. कच्च्या लोकरीत मेण आणि मळ इतका असतो की बारीक जातीची लोकर धुतल्यावर कधी कधी निम्मीच उरते. मेण राहिलेल्या जागी रंग धरत नाही. १ ग्रॅम पूड १०० मिलिलिटर गरम पाण्यात विरघळवून ठेवली की पुढची सगळी मापं मिलिलिटरमध्ये घेता येतात. पूड उडते, म्हणून मास्क हवाच, आणि ही भांडी पुन्हा स्वयंपाकाला वापरायची नाहीत. आम्ल म्हणून तेवढ्याच लोकरीला लिंबूसत्त्व ३ ग्रॅम. पाणी ८५ ते ९० अंशांवर अर्धा तास ठेवायचं, ते नितळ होत आलं की आच बंद करायची आणि लोकर त्याच पाण्यात निवू द्यायची.

लडी रंगवायची असेल तर

पीळ बसलेलं सूत सुट्या लोकरीइतकं पटकन जमत नाही, म्हणजे तंतू एकमेकांत गुंतून घट्ट होत नाहीत, हा लडीचा मोठा फायदा. सूत दुपदरी (दोन धागे एकत्र पिळलेलं) असेल तर आणखी चांगलं. एकपदरी सूत मात्र जपूनच हलवायचं. लडी चार ठिकाणी सैल बांधा. गाठ आवळली की दोऱ्याखाली पांढरं कडं राहतं आणि विणताना ते दर फेऱ्यात डोळ्यांत येतं.

खरी परीक्षा एकसारखेपणाची आहे. रंग साधारण ६० अंशांपासून जोरात चढू लागतो. त्या वेळी आम्ल आधीच पाण्यात असेल आणि आच मोठी असेल, तर जो भाग पहिल्यांदा गरम होतो तोच सगळा रंग ओढून घेतो आणि लडीवर डाग पडतात. म्हणून भिजवलेली लडी ४० अंशांच्या रंगपाण्यात आम्लाशिवाय सोडा आणि तापमान ८५ पर्यंत न्यायला चांगली ४० मिनिटं घ्या. मध्यावर लडी वर उचलून लिंबूसत्त्वाचं पाणी दोन वेळा थोडं थोडं घाला. ते कधीही थेट लडीवर ओतू नका.

दुसरी तक्रार रंग वाळल्यावरच कळते. घट्ट पिळाच्या दुपदरी सुताचा तुकडा बोटांत धरून उलटा पीळ द्या. दोन पदर जिथे एकमेकांना चिकटून असतात तिथे फिकट, जवळजवळ पांढरी रेघ दिसते. आत हवा अडकलेली असते आणि पाणी पोचण्याआधीच रंग बाहेर संपून जातो. साबणाचा एक थेंब घातलेल्या कोमट पाण्यात लडी तासभर भिजवली की ही रेघ बहुतेक वेळा टळते.

मग भांड्याचा प्रश्न. लोकरीच्या ३० पट पाणी धरलं तर स्वेटरच्या ५०० ग्रॅम सुताला १५ लिटर पाणी, म्हणजे २० लिटरचं भांडं लागतं. लड्या दोन घाण्यांत रंगवल्या तर मापं तीच ठेवूनही छटेत फरक पडू शकतो, आणि अंगावर तो जोड दिसतो.

सुटी लोकर रंगवायची असेल तर

इथे डाग पडले तरी बिघडत नाही. मेंढीच्या अंगावर असताना उन्हापावसाने झिजलेली टोकं जास्त गडद होतात, तेही चालतं, कारण पिंजताना सगळं मिसळून जातं. ५०० ग्रॅम लोकर पाच लिटरच्या भांड्यात पाच वेळा रंगवा, वाळवा आणि सगळ्या घाण्यांतली थोडी थोडी घेऊन एकत्र पिंजा. मोठं भांडं नसलेल्याला आमचा सल्ला हाच. मात्र १० ते १५ टक्के लोकर जास्तीची रंगवा. मिश्रण पुन्हा हुबेहूब साधणं कठीण असतं.

रंगाची श्रीमंतीही इथेच आहे. निळा आणि पिवळा रंग भांड्यात मिसळले तर सपाट हिरवा मिळतो. निळी आणि पिवळी लोकर तारांच्या दोन फळ्यांवर तीनदा पिंजली तर लांबून हिरवं दिसतं आणि जवळून दोन्ही तंतू वेगळे ओळखू येतात. लडी कितीही कौशल्याने रंगवली तरी हे येत नाही.

पट्ट्यांचंही तसंच. दीड मीटर घेराची लडी अर्धी निळी, अर्धी पिवळी केली तर दर ७५ सेंटिमीटरला रंग बदलतो. पण पेळूतल्या (पिंजलेल्या लोकरीच्या लांब वळीतल्या) २ ग्रॅमच्या एकाच रंगाच्या तुकड्यापासून, १०० ग्रॅमला ३०० मीटर भरेल असं एकपदरी सूत कातलं तर तो रंग सलग ६ मीटर चालतो.

धोका आहे तो लोकर जमण्याचा. नुसत्या उष्णतेने ती जमत नाही. ढवळणं आणि एकदम गरम-थंड पाण्याचा धक्का यांनी ती नमद्यासारखी घट्ट होते. जाळीच्या पिशवीत सैल भरा, ढवळू नका, चमच्याने हलकेच खाली दाबा. वाळल्यावर पेळू दबलेला वाटला तर तो लांबीच्या दिशेने सैल करत मोकळा करा, नाहीतर कातताना तंतू सुटत नाहीत आणि सुतात गाठी येतात. नीट न खळबळलेला रंग बोटांना आणि चरख्यालाही लागतो. गडद लोकर कातताना मांडीवर पांढरं कापड घ्या, तंतू लगेच दिसतील.

वनस्पतींचे रंग

इथे लडीच बरी. आधी १०० ग्रॅम लोकरीला १५ ग्रॅम तुरटी घेऊन ८० अंशांवर तासभर ठेवायचं आणि मग रंगाच्या पाण्यात, म्हणजे लोकर दोनदा शिजते. सुट्या लोकरीला हे सोसत नाही. शिवाय सालं-मुळांचे कण तिच्यात अडकून बसतात, म्हणून रंगपाणी कापडातून गाळूनच घ्यावं लागतं. मंजिष्ठेचं पाणी ७० अंशांच्या वर नेऊ नका, लाल रंग तपकिरीकडे झुकतो. हळदीचा पिवळा उन्हात टिकत नाही, त्यावर कातण्याची मेहनत घालवू नये.

रंगवलेल्या लोकरीचं सूत कातलं आणि दोन रंगांचं एकमेकांशी जमेना, तर लडी करून तिसऱ्याच रंगाचा अगदी फिका हात द्या. १०० ग्रॅमला, सुरुवातीला सांगितलेल्या १ ग्रॅम पूड विरघळवलेल्या पाण्यातलं फक्त २० मिलिलिटर. पहिला रंग पक्का चढलेला असेल तर तो जागेवर राहतो आणि दोन्ही छटा एका कुटुंबातल्या दिसू लागतात.