कॅज्युअल्टीची रांग: नंबराने लावायची, दोन भागांत की तीन?

केसपेपरच्या खिडकीशी पन्नाशीच्या एक बाई उभ्या आहेत. ‘पित्त झालंय’ म्हणतात. कपाळावर घाम आहे, हात सारखा जबड्याकडे जातोय. त्यांना मधुमेह आहे का, हे अजून कुणी विचारलेलं नाही. मधुमेहींना छातीत न दुखताही हार्ट अटॅक येऊ शकतो. तुम्ही छोट्या हॉस्पिटलात कॅज्युअल्टी बसवत असाल, तर प्रत्येक पद्धत या बाईंना कुठे बसवते ते आधी बघा.

हिशेबासाठी एकच डॉक्टर धरू. तासाला सरासरी 9 रुग्ण येतात, त्यांतले 3 खरोखर तातडीचे. तपासायला सरासरी 6 मिनिटं, पण कधी दोन, कधी वीस. पुढचे आकडे रांगांच्या नेहमीच्या गणितातून काढलेत.

नंबराप्रमाणे घेतलं तर सगळ्यांनाच सरासरी 54 मिनिटं थांबावं लागतं. भांडण होत नाही, ओपीडीला हे चालेल. कॅज्युअल्टीला नाही.

तातडीचे आणि साधे अशा दोन रांगा केल्या आणि निवड अचूक झाली, तर तातडीचे 8 मिनिटांत आत जातात, बाकीचे 77 मिनिटं थांबतात. पण निवड अचूक नसते. पाचातला एक गंभीर रुग्ण साध्या रांगेत गेला आणि त्याच्या जागी एखादा साधा पुढे आला, असं समजा. गंभीर रुग्णांची सरासरी तरीही 22 मिनिटं दिसते, म्हणून पद्धत चांगली वाटते. त्या पित्तवाल्या बाई मात्र 77 मिनिटं बसतात, म्हणजे नंबराने घेतलं असतं त्याहून जास्त. मला या पद्धतीची सगळ्यात जास्त भीती वाटते ती यामुळेच.

मग शंका आली की पुढच्या रांगेत टाका, असं बरेच जण सांगतात. एकही गंभीर रुग्ण सुटू नये म्हणून 3 साधे रुग्णही पुढे घेतले, तर त्या रांगेला साडेतेरा मिनिटं लागतात आणि मागच्या तिघांना 135.

माझं मत तीन रांगांना आहे: खात्रीचे, शंकेचे, साधे. तोच डॉक्टर, तेच रुग्ण: पाचातले चार गंभीर खात्रीच्या रांगेत, पाचवा त्या 3 साध्यांसोबत शंकेच्या रांगेत. खात्रीचे 7 मिनिटांत, शंकेचे 18 मिनिटांत, गंभीर रुग्णांची सरासरी 9 मिनिटं. साध्यांचे 135 तेवढेच राहतात. चुकीच्या वर्गवारीचा रांगेवर काय परिणाम होतो, हे व्हॅन डर झी आणि थाइल या संशोधकांनी 1961 सालीच मांडलं. पुढे 2009 मध्ये आर्गोन आणि झिया यांनी दाखवलं की दोनच कप्पे करण्यापेक्षा गांभीर्याच्या शक्यतेनुसार क्रम लावणं सरस ठरतं.

रुग्णांची तातडी ठरवायच्या मँचेस्टर पद्धतीत पाच रंग आहेत: लाल लगेच, नारिंगी 10 मिनिटांत, पिवळा 60, हिरवा 120, निळा 240. प्रशिक्षित सिस्टर चोवीस तास असतील तर जरूर घ्या. रात्रपाळीला नवीन मुलगी एकटी असेल, तर तीनच ठेवा.

शंकेच्या रांगेतल्या बाईंचा ईसीजी मात्र डॉक्टरांची वाट न बघता 10 मिनिटांत काढायचा. साध्या रांगेत दर अर्ध्या तासाने सिस्टरने नाडी, बीपी, ऑक्सिजन बघत फिरायचं आणि नातेवाइकांना सांगायचं, ‘काही वाढलं तर नंबराची वाट बघू नका, मला हाक मारा.’