गार पिशवी झकास, झाकण डोकेदुखी

लेक २ वर्षांची, तिचा हा कप्प्यांचा खाऊचा डबा आणि सोबतची गार पिशवी घेऊन ३ महिने झाले. पिशवीला पूर्ण मार्क. बर्फाचं पाकीट रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवते. सोबत एकच आलं होतं, दुसरं मी आणलं. एक डब्याखाली, एक वर, की दुपारी दही गारच लागतं. (दही, अंडं २ तासांहून जास्त बाहेर राहिलं तर मी देत नाही, म्हणून हा खटाटोप.)

झाकणाची रबरी कड मात्र वैताग आहे. खाचेत दही अडकतं, रोज काढून धुतली नाही तर वास मारते. खटका इतका घट्ट की लेक डबा सरळ माझ्याकडे भिरकावते. कप्पे उथळ, द्राक्षं तशीही उभी चिरून, चार फोडी करूनच देते, त्यामुळे चालतं. काकडीचं पाणी शेजारच्या पावात शिरतं, ते नाही चालत.