कोंबीचं इंजिन सील: एक उन्हाळा, एक पावसाळा काढल्यावर

माझी कोंबी, म्हणजे फोक्सवॅगनची जुनी व्हॅन, 1972 ची; मागे हवेने थंड होणारं 1600 सीसीचं इंजिन. इंजिन कंपार्टमेंटचं सील म्हणजे इंजिनाभोवतीचा पत्रा आणि गाडीची बॉडी यांच्यातली फट बुजवणारी पट्टी. पहिलं नवीन सील ऑनलाइन मागवलं होतं, स्पंजचं. ते एक उन्हाळाही टिकलं नाही. बोटाने दाबलं की काळी पूड हाताला लागायची. विक्रेता म्हणतो, 'रबर पार्टला वॉरंटी नसते.' जो पार्ट बसवायचाच गरम इंजिनापाशी, तो उष्णतेने गेला तर भरपाई कोणी द्यायची? पैसे बुडाले, त्याचा राग अजून आहे.

हे सील धूळ अडवायला नाही, हे मेकॅनिकला दर वेळी सांगावं लागतं. पंखा वरच्या कप्प्यातली हवा ओढतो, सिलेंडर आणि त्यावरच्या हेडवरून फिरवून खाली सोडतो. फट राहिली की तीच तापलेली हवा वर येते आणि पंखा ती परत आत घेतो. रेडिएटर नाही, कंपनीने तापमानाचा काटाही दिलेला नाही. कळेपर्यंत हेडचं नुकसान झालेलं असतं. 'सील काढून टाका, हवा खेळती राहील' असं पुण्यात एकाहून जास्त गॅरेजांत ऐकलंय. कृपा करून ऐकू नका.

दुसरं सील भोसरीतल्या एका रबरवाल्याकडून ईपीडीएम या कृत्रिम रबराचं बनवून घेतलं, आयात मालापेक्षा बरंच स्वस्तात. खंबाटकीचा घाट चढून थांबल्यावर पूर्वी डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) हातात धरवत नसे, भर एप्रिलात ती धरवली. तेव्हा मी याला पैकीच्या पैकी देणार होतो.

पावसाळ्यात मत बदललं. तेल भरायच्या तोंडाखालचा तुकडा फुगून खाचेतून बाहेर आला. ईपीडीएम ऊन, उष्णता सोसतं, पण इंजिन ऑइल नाही. आणि तेल भरताना तिथे चार थेंब सांडतातच. तेवढा भाग आता तेल सोसणाऱ्या नायट्रिल रबराचा आहे, ठीक चाललाय.

खरी डोकेदुखी पुढच्या कोपऱ्यांची. दोन पट्ट्या जुळतात तिथे करंगळीएवढी फट राहते आणि गॅरेजवाला 'एवढ्याने काय होतंय' म्हणतो. रात्री गाडीखाली टॉर्च लावा, वरून झाकण उघडून बघा: जिथे उजेड दिसेल तिथे फट. पत्र्यातून प्लगच्या वायरी जातात, त्यांची रबरी बुचंही तपासा.

पुढची बाजू इंजिन उतरवल्याशिवाय नीट हाताला लागत नाही. क्लच प्लेटचं काम निघेल तेव्हाच सील करून घ्या, उतरवायची मजुरी एकदाच पडते.