फार्मसीच्या डिप्लोमाला प्रवेश घेताय? आधी हे वाचा

बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे बस स्टँडच्या भिंतीवर, रिक्षांच्या पाठीवर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवर एकच जाहिरात फिरायला लागते: 'फार्मसी टेक्निशियन, दोन वर्षांचा डिप्लोमा, शंभर टक्के नोकरी, स्वतःचं मेडिकल टाका.' अशाच एका संस्थेत माझी दोन वर्षं गेली आणि वडिलांचे सव्वा लाखाच्या वर रुपये गेले. हातात जो कागद आला, त्यावर मला फार्मासिस्ट म्हणून कुठेही नोंदणी मिळत नाही आणि कधी मिळणारही नाही. पुढच्या प्रवेशांच्या आत हे जितक्या घरांत पोचेल तितकं बरं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझं ठरलं होतं ते डी. फार्म. करायचं, म्हणजे फार्मासिस्ट म्हणून नोंदणी मिळवून देणारा फार्मसीचा खरा डिप्लोमा. तंत्रशिक्षण संचालनालयाच्या प्रवेश फेरीत जवळचं कॉलेज लागलं नाही. लांबचं लागत होतं, पण होस्टेल आणि मेसचा खर्च झेपणारा नव्हता. नेमक्या त्याच आठवड्यात संस्थेचे एक 'सर' थेट घरी आले. माझे मार्क, मी भरलेले पर्याय, सगळं त्यांना माहीत होतं. जिथे फॉर्म भरला त्या सेंटरवाल्याला प्रत्येक प्रवेशामागे कमिशन मिळतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

"दादा, डी. फार्म. आणि हे एकच समजा. अभ्यासक्रम तोच, फक्त आपलं बोर्ड वेगळं," ते वडिलांना म्हणाले.

वडिलांनी नेमका प्रश्न विचारला होता, "सर, पण पुढे पोरीला मेडिकल टाकता येईल ना?"

"का नाही येणार? उद्घाटनाला मला बोलवायला विसरू नका."

त्यांच्या माहितीपत्रकाचं शेवटचं पान मी अजून जपून ठेवलं आहे. त्यावर ओळीने छापलंय: भारत सरकार नोंदणीकृत, आयएसओ 9001:2015, उद्यम नोंदणी क्रमांक, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, धर्मादाय आयुक्तांकडचा ट्रस्टचा क्रमांक. खाली अशोकस्तंभासारखं दिसणारं चित्र. यातला बहुतेक प्रत्येक नंबर खरा आहे, आणि सगळा खेळ तिथेच आहे. ट्रस्टची नोंदणी म्हणजे ट्रस्ट अस्तित्वात आहे, एवढंच. दर्पणचा क्रमांक स्वयंसेवी संस्थेला मिळतो. उद्यम नोंदणी कुठलाही छोटा व्यावसायिक स्वतःच्या घोषणेवर ऑनलाइन फुकट करून घेतो. आयएसओ 9001 हे कामकाजाच्या व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र आहे, ते नटबोल्टच्या कारखान्यालाही मिळतं. फार्मसी शिकवण्याचा अधिकार यातल्या एकानेही मिळत नाही. तो अधिकार फार्मसी कायदा, 1948 च्या कलम 12 खाली फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया देते, म्हणजे पीसीआय. त्या पानावर पीसीआयचं नाव कुठेच नाही.

शिकवणं कसं होतं म्हणाल, तर एका व्यापारी संकुलाच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. एका खोलीत बाकं. दुसरीला 'लॅब' म्हणायचे. तिथे एक लांब टेबल, एक खल-बत्ता, थोडे बीकर आणि औषधांची रिकामी खोकी मांडलेलं कपाट. वर्षभरात त्या खलात आमच्यापैकी कुणी काही कुटलं नाही. खऱ्या डी. फार्म.च्या मुलांना फार्मास्युटिक्सची, केमिस्ट्रीची वेगवेगळी प्रात्यक्षिकं असतात आणि शेवटी दवाखान्यात किंवा मेडिकलमध्ये 500 तासांचं प्रशिक्षण पुरं करावं लागतं. आम्हाला एका ओळखीच्या दुकानाचा शिक्का मारलेला कागद पैसे घेऊन मिळाला. खऱ्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षाला फार्मसीच्या कायद्याचा स्वतंत्र विषय आहे. आमच्याकडे तो नव्हता. तो शिकवला असता, तर औषध कुणी द्यायचं ते सांगणारं कलम 42 वाचून वर्गातल्या प्रत्येकाला आपल्याशी काय चाललंय ते कळलं असतं.

परीक्षा तिथेच, पेपर तपासणारेही तेच. मधल्या काळात कुणी शंका काढली की दोन गोष्टी पुढे यायच्या. एक, दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका आणि टीसी त्यांच्या कपाटात होती आणि ती पूर्ण फी भरल्याशिवाय मिळणार नव्हती. दुसरी, 'आपल्या मुलांची यादी कौन्सिलकडे गेली आहे' हे वाक्य. कुठलं कौन्सिल, ते कधीच कुणी सांगितलं नाही.

खरं काय ते कळलं आमच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्या काकांकडून. ते दुसरं दुकान काढत होते आणि त्यांना फार्मासिस्ट हवा होता. मी प्रमाणपत्र घेऊन गेले. त्यांनी ते काउंटरवर सरळ करून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बाळा, रजिस्ट्रेशन नंबर कुठंय?" मग त्यांनी मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे काचेच्या फ्रेममध्ये अन्न व औषध प्रशासनाचा औषधविक्रीचा परवाना होता, फॉर्म 20 आणि 21 वरचा, आणि शेजारी त्यांचं स्वतःचं महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलचं प्रमाणपत्र. "ह्याच्याशिवाय नव्या दुकानाला परवाना कोण देईल मला? तुझ्या कागदावर पीसीआय नाही, तंत्रशिक्षण मंडळ नाही. कुणी दिलाय हा?" ते माझ्यावर चिडले नव्हते, पण आवाज चढला होता. पुढे मुलुंडच्या कौन्सिलच्या ऑफिसला फोन केला, तिथूनही तेच उत्तर आलं: पीसीआयने मान्यता दिलेली परीक्षा पास असाल तरच अर्ज करा.

कायदा यात अजिबात गोलमाल नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध देण्याचं काम कलम 42 नुसार नोंदणीकृत फार्मासिस्टचं आहे, दुसऱ्या कुणाचं नाही. फार्मसी टेक्निशियन म्हणून या कायद्यात वेगळी नोंदणीच नाही. काही परदेशांत हे पद आहे, त्याचं शिक्षण आणि नोंदणी तिकडे रीतसर चालते, आणि तेच नाव उचलून इकडे जाहिरातीत वापरलं जातं. आपल्याकडे दुकानात मदतनीस म्हणून काम करायला कुठलाच डिप्लोमा लागत नाही. म्हणजे जे काम बारावीनंतर दुसऱ्या दिवशी मिळालं असतं, त्यासाठी आमच्याकडून दोन वर्षांची फी घेतली गेली. मला सगळ्यात जास्त संताप याचा येतो.

गोष्ट इथे संपत नाही, आणि हा भाग नीट वाचा. मी पैसे परत मागायला गेले तेव्हा त्याच सरांनी नवा प्रस्ताव ठेवला. दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजचं डी. फार्म. मागच्या तारखेचं मिळेल, हजेरीची गरज नाही, नोंदणीही तिकडच्या कौन्सिलमध्ये करून देऊ, आणखी दीड लाख लागतील. पहिल्या फसवणुकीत आपण गिऱ्हाईक असतो, ह्या दुसऱ्यात आपण आरोपी होतो. पंजाबात 2023 च्या डिसेंबरमध्ये अशाच बनावट नोंदण्यांवरून तिथल्या कौन्सिलच्या माजी रजिस्ट्रारांना अटक झाली. दिल्लीत 2025 मध्ये माजी रजिस्ट्रारसह 47 जण पकडले गेले आणि त्यांत खोट्या कागदांवर नोंदणी घेतलेले बरेच फार्मासिस्टही होते. 'सगळे असंच करतात' म्हणून कुणी गळ घालत असेल तर तिथून उठून या. आपल्याकडे सर्टिफिकेट भाड्याने देण्याचा जो धंदा चालतो, तोही त्याच रांगेतला. दुकानात फार्मासिस्ट नाही आणि भिंतीवर त्याची फ्रेम तेवढी लटकते आहे, अशा ठिकाणी चुकीचं औषध पेशंटच्या हातात गेलं तर जबाबदार कोण? फार्मासिस्टचं शिक्षण दुकानाचा परवाना मिळवण्यापुरतं नाही, कुणाच्या तरी जिवाशी त्याचा संबंध आहे.

आता तपासायचं काय, तर फार काही नाही. पीसीआयच्या संकेतस्थळावर राज्यवार मान्य कॉलेजांची यादी असते. त्यात कॉलेजचं नाव, पत्ता, अभ्यासक्रम आणि तुमचं प्रवेशाचं वर्ष, चारही जुळलं पाहिजे. नुसतं 'मान्यता प्रक्रियेत आहे' यावर विश्वास ठेवू नका. 2022 च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीसीआयने नव्या कॉलेजांवर घातलेली बंदी रद्द ठरवणारे उच्च न्यायालयांचे निकाल कायम केले, त्यानंतर महाराष्ट्रात कॉलेजांची संख्या झपाट्याने वाढली. म्हणून नव्या कॉलेजच्या बाबतीत तर वर्ष बघाच. महाराष्ट्रात डी. फार्म.ची परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्र शिक्षण मंडळ घेतं, तेव्हा तुमचा एनरोलमेंट नंबर मंडळाचा असला पाहिजे. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी किंवा मॅथ्स नसताना कुणी 'चालतंय' म्हणालं, तर तो डी. फार्म. नाही. घरबसल्या, पत्राद्वारे किंवा फक्त रविवारी होणारा डी. फार्म. नसतो. 2022 साली एक्झिट एक्झामचे, म्हणजे डी. फार्म. झाल्यावर नोंदणीआधी द्यायच्या परीक्षेचे नियमही आलेत, त्याबद्दल विचारा. समोरचा माणूस विषय बदलायला लागला तर समजून घ्या. आणि मूळ कागद कुठल्याही कारणाने ठेवून घेऊ देऊ नका, झेरॉक्स द्या, मूळ दाखवून परत घ्या.

माझी टीसी पोलिसांत अर्ज दिल्यावर परत मिळाली. पैसे मिळालेले नाहीत. तक्रार फसवणुकीच्या कलमाखाली, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली घ्यावी अशी आमची मागणी आहे आणि आमच्या बॅचमधल्या काही जणांचे पालकही आता सोबत आले आहेत. एकट्याच्या अर्जाला 'तुमचा आपसातला व्यवहार आहे' म्हणून परत पाठवतात, पाच-सहा घरं एकत्र गेली की लिहून घेतात.

तुमच्याकडे असंच 'टेक्निशियन'चं प्रमाणपत्र असेल तर ते फाडून टाकू नका. फीच्या पावत्या, ऑनलाइन भरल्याचे स्क्रीनशॉट, माहितीपत्रक, सरांचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज सगळं एका फाइलमध्ये ठेवा. पावती न देता रोख घेतले असतील तर कुणासमोर दिले, कोणत्या महिन्यात दिले, ते आठवतंय तोवर लिहून ठेवा. अर्जाची एक प्रत पोलीस ठाण्यात, एक जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या ऑफिसात आणि एक राज्य फार्मसी कौन्सिलला द्या, आणि तिन्ही ठिकाणी पोच घेतल्याशिवाय निघू नका.