जुनी यामाहा एफ ३१०: डिसेंबर ते ऑगस्ट, पावसाळ्यासकट

डिसेंबरात घेतलेली वापरलेली यामाहा एफ ३१० गिटार आता विकायला काढली आहे. जुन्या गिटारी घेऊन-विकण्याचा नाद असलेल्यांच्या हातात हे मॉडेल फिरून फिरून येतं. नट (मानेच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) ते सॅडल (फळीवर चिकटवलेल्या ब्रिजमधली, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) ६३४ मिमी, नटपाशी रुंदी ४३ मिमी, वरची फळी स्प्रूस लाकडाची पण प्लायची. सॉलिड टॉपसारखा (अखंड लाकडाच्या फळीसारखा) आवाज खुलत नाही, मात्र फळीला चीर सहसा पडत नाही. सेकंडहँड घेताना हा गुण आवाजापेक्षा मोठा.

पैसे मिळायचे ते घेतानाच मिळतात. विकताना फक्त मोजायचे.

घेताना ओरखडे बघत बसू नका, सॅडल बघा. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) स्टीलची पट्टी उभी धरून फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. जाड तारेखाली २.५ आणि बारीक तारेखाली १.८ मिमीच्या आसपास असेल तर हाताला सुखाची. पण नुसत्या या आकड्यावर भाळू नका. सॅडल ब्रिजच्या वर किती उरलंय? तीन मिमी असेल तर ठीक. दीडच मिमी उरलं असेल आणि तारा तरीही उंच असतील, तर नेकचा (मानेचा) कोन सरकलाय. तो नीट करायचा म्हणजे नेक काढून पुन्हा बसवणं, आणि ती मजुरी या गिटारीच्या किमतीला परवडत नाही. सॅडल घासून घासून ॲक्शन (तारांची उंची) खाली आणलेली गिटार वाजवायला झकास लागते, म्हणूनच फसगत होते. उलट सॅडल भरपूर असेल तर उंच ॲक्शन हे भावाच्या घासाघिशीचं हत्यार आहे: बाराव्या फ्रेटवर अर्धा मिमी उतरवायला सॅडलचा तळ एक मिमी घासावा लागतो. सपाट काचेवर १२० नंबरचा पॉलिशपेपर, पंधरा मिनिटांचं काम. तळ तिरका झाला तर आवाज दबतो, तेवढं सांभाळा.

मग नेक. जाड तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर दाबून सातव्यापाशी फट बघा, ०.२ मिमी हवी. व्हिजिटिंग कार्ड साधारण ०.३ मिमीचं असतं; ते सरकवल्यावर तार जेमतेम उचलली गेली पाहिजे. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक कमीजास्त करणारी सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, आणि पुढचा पाव फेरा दुसऱ्या दिवशी. रॉड आधीच गच्च असून नेक वाकलेलीच असेल तर नमस्कार करून निघावं. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाचा कपटा सरकतो का, तेही बघा. सरकला तर ब्रिज सुटायला लागलाय.

पहिल्या तीन फ्रेटवर बारीक तारांखाली खड्डे पडलेले असतातच. तार वाजवताना झणझणत नसेल तोवर भाव पाडायला वापरा आणि सोडून द्या.

पावसाळ्यात काय झालं? डिसेंबरात जाड तारेखाली २.५ मिमी, जुलैच्या मध्याला ३. प्लाय असली तरी लाकूड ओल पितं, फळीला पोट येतं, ब्रिज वर उचलला जातो. अशा वेळी सॅडल घासायची घाई करू नये. हवा कोरडी झाली की फळी बसते आणि मग तारा फ्रेटवर आपटतात. बॅगेत ५० ग्रॅमच्या सिलिका जेलच्या दोन पुड्या आणि एक छोटा हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता दाखवणारा), इतकं पुरलं. काटा ४५ ते ५५ टक्क्यांत ठेवायचा. निळ्या सिलिकात कोबाल्ट क्लोराइड असतं, ती वाळवायला घरच्या तव्यावर तापवू नका, नारंगी घ्या. पावसाच्या बाजूच्या भिंतीवर गिटार टांगणं तर नकोच.

फ्रेटबोर्डला (फ्रेट बसवलेल्या नेकवरच्या लाकडाला) खोबरेल तेल चोळणारे बरेच भेटतात. ते खवट होतं, मळ धरतं. सुका टूथब्रश, मग मिनरल ऑइलचे तीन थेंब कापडावर, आणि लगेच पुसून टाका.

हिशोब साधा ठेवा. समजा ५,००० ला घेतली. तारा, सॅडल, सिलिका मिळून १,००० गेले, तर ६,५०० च्या खाली देण्यात अर्थ नाही, कारण जाण्यायेण्याचा खर्च आणि दोन रविवार कुणी मोजत नाही. विकायला जूनची सुरुवात किंवा दिवाळीच्या आधीचे दिवस बरे. जुलैत ॲक्शन चढलेली असते आणि जाणता गिऱ्हाईक पट्टी घेऊनच येतो. तारांचा नवा १२-५३ चा (जाडी, इंचाच्या हजारांशांत) संच दोन दिवस आधी चढवा, म्हणजे तारा ताणून घेतलेल्या असतात आणि गिऱ्हाइकासमोर सूर उतरत नाही. फोटो तीनच महत्त्वाचे: बाजूने सॅडल, बाराव्या फ्रेटवर पट्टी, आतलं लेबल.

कुरियरने पाठवायची असेल तर तारा दोन सूर सैल करा आणि हेडस्टॉकच्या (खुंट्या असलेल्या टोकाच्या) खाली कापडाची घडी द्या. खोका आडवा पडला की पहिला मार तिथेच बसतो.