शेंगेन, ब्रिटन, अमेरिका की बिनव्हिसाचा देश? गोव्यातून पहिल्यांदा परदेशी निघणाऱ्यांसाठी

परदेशवारीचं ठरलं की घरात आधी देशावरून वाद होतो. एकाला स्वित्झर्लंड हवं, दुसऱ्याला लंडनची मावशी भेटायला हवी, तिसरा म्हणतो बँकॉक बरं, खर्च कमी. व्हिसाच्या दृष्टीने हा वाद शेवटी घालायचा. तुम्ही कोणत्या महिन्यात मोकळे आहात आणि तुमची कमाई कागदावर किती दिसते, एवढं आधी खरंखरं सांगा. चारातले दोन पर्याय तिथेच गळतात.

महिन्याचं आधी बघू. ट्रॉलरवाल्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. शॅक पावसाआधी उतरतात, टॅक्सी आणि भाड्याच्या खोल्यांचा धंदाही तेव्हाच थंडावतो. शिक्षकांना आणि पोरांना मे महिन्यात सुटी. म्हणजे अर्धा गोवा नेमका मोकळा होतो तेव्हा, जेव्हा उरलेला भारतही युरोपला निघालेला असतो आणि व्हिसा केंद्रातल्या अपॉइंटमेंट भराभर संपत असतात. शिवाय चवथीआधी (गणेश चतुर्थीआधी) घरी परतायचं, हे कुणी न सांगताच ठरलेलं.

या वेळापत्रकात प्रत्येक व्हिसा वेगळा बसतो. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एका व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आधी करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निकालाची मुदत १५ दिवसांची, पण प्रकरण तपासायला घेतलं तर ती ४५ दिवसांपर्यंत जाते. जूनमध्ये निघायचं असेल तर मार्चमध्येच कागद आत गेलेले बरे. ब्रिटनचा अर्ज प्रवासाच्या ३ महिने आधी उघडतो आणि साधारण ३ आठवड्यांत उत्तर येतं. अमेरिकेचं गणित मुलाखतीच्या तारखेवर अवलंबून. तिथे यंदाच्या सुट्टीचा विचारच करू नका, पुढच्या वर्षीचा करा.

शेंगेन: कागद जास्त, पण पणजीतच

एका व्हिसावर २९ देश. क्रोएशिया २०२३ मध्ये आला, रोमानिया आणि बल्गेरिया २०२५ पासून पूर्णपणे आत आले. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. मोठ्या माणसाला ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ४५, त्याहून लहानांना काही नाही. हे दर जून २०२४ पासूनचे. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. नकार आला तरी पैसे परत नाहीत, आणि हे चारही पर्यायांत गृहीत धरा.

गोव्याच्या माणसाला शेंगेनचा मोठा फायदा म्हणजे कित्येक देशांचे अर्ज पणजीतल्या व्हीएफएस (दूतावासांसाठी अर्ज गोळा करणारी कंपनी) केंद्रात घेतात. सगळ्या देशांचे नव्हे, म्हणून देश पक्का करण्याआधी त्याच्या यादीत पणजी आहे का ते बघा. नसेल तर बोटांच्या ठशांसाठी कुटुंबासह मुंबई किंवा बंगळूर गाठावं लागेल. १२ वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात.

इथे आपल्याकडची एक खास पळवाट सांगितली जाते. पोर्तुगालचा महावाणिज्य दूतावास पणजीतच आहे, तेव्हा व्हिसा पोर्तुगालचा घ्यावा आणि हिंडावं पॅरिस-झुरिकला. नियम तसा नाही. जिथे सर्वांत जास्त रात्री राहणार, त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी पाय ठेवणार त्या देशाकडे. लिस्बनमध्ये दोन रात्री आणि स्वित्झर्लंडमध्ये सहा असा आराखडा घेऊन पोर्तुगालच्या खिडकीवर गेलात तर तुमचाच कागद तुमच्याविरुद्ध बोलतो. पोर्तुगाल खरोखर बघायचं असेल तर मात्र आठ दिवस तिकडेच काढा. मला विचाराल तर पहिल्या फेरीला दहा दिवसांत पाच देश करण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

ज्या घरात एकाकडे पोर्तुगीज पासपोर्ट आणि दुसऱ्याकडे भारतीय, त्यांच्यासाठी वेगळा नियम आहे आणि तो पुष्कळांना ठाऊक नसतो. युरोपीय संघाच्या नागरिकाबरोबर त्याची बायको, नवरा किंवा २१ वर्षांखालची मुलं संघातल्या दुसऱ्या देशात जात असतील तर त्यांचा व्हिसा मोफत होतो आणि कागदही थोडेच लागतात. पोर्तुगीज पासपोर्टवाला नवरा आणि भारतीय पासपोर्टवाली बायको फ्रान्सला निघाली तर हा नियम लागू. दोघं थेट पोर्तुगाललाच जाणार असतील तर तो तसाच लागू होत नाही, तिथे पोर्तुगालचा स्वतःचा कायदा बघावा लागतो.

कागदांच्या बाबतीत शेंगेनवाले कडक. दिवसागणिक आराखडा, प्रत्येक रात्रीचं बुकिंग, विमानाचं आरक्षण, किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा, नोकरी असेल तर रजेचं पत्र, बँकेचं स्टेटमेंट, आयटीआर (आयकर विवरणपत्र). पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत निघालेला हवा, परतीच्या तारखेनंतर ३ महिने वैध हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. एवढं करून पहिल्या वेळी व्हिसा बहुधा प्रवासाच्या दिवसांपुरताच मिळतो. भारतीयांसाठी एप्रिल २०२४ मध्ये एक चांगला बदल झाला. ३ वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन नीट वापरले असतील तर पुढचा २ वर्षांचा आणि त्यानंतरचा ५ वर्षांचा मिळू शकतो. युरोप पुन्हा पुन्हा करणार असाल तर म्हणूनच पहिले दोन प्रवास साधे, स्वच्छ ठेवा.

ब्रिटन: कागद थोडे, पण समोर माणूस नाही

पर्यटकाचा साधा व्हिसा ६ महिन्यांचा. फी एप्रिल २०२५ मध्ये १२७ पौंड झाली. भरताना सरकारी संकेतस्थळावरचा ताजा आकडा बघा. शेंगेनपेक्षा काही हजार रुपये जास्त पडतात, पण विम्याची सक्ती नाही. ठसे द्यायचं केंद्र पणजीत आहे, बाकी सगळं ऑनलाइन.

शेंगेनची तयारी केलेला माणूस इथे सवयीने हॉटेल आणि विमानाच्या बुकिंगचा गठ्ठा चढवतो. ब्रिटनच्या मार्गदर्शिकेतच लिहिलंय की या कागदांचा निर्णयाला फारसा उपयोग नाही. त्यांना बघायचं असतं ते वेगळंच. पैसा कुठून येतो, प्रवासाचा खर्च त्या पैशाला शोभतो का, आणि मागे गोव्यात असं काय आहे की तुम्ही परत याल. हा निर्णय तुम्हाला न भेटता घेतला जातो. त्यामुळे जे कागदावर नाही ते जगात नाही. इंग्रजीत नसलेला कागद लावायचा तर सोबत भाषांतर हवं. आजोबांच्या नावची पोर्तुगीज कागदपत्रं नुसती जोडून काही साधत नाही.

नकार आला तर पर्यटक व्हिसाला अपील नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा पूर्ण फी. आणि इतर देशांनी दिलेले नकारही फॉर्ममध्ये सांगावे लागतात. शेंगेनच्या नकाराच्या कागदावर निदान कारणाला खूण केलेली असते आणि त्या देशाच्या कायद्यानुसार अपीलही करता येतं.

मावशी लंडनला आहे आणि तिच्याकडेच राहायचं, असं असेल तर मी शेंगेनच्या आधी ब्रिटन करेन. राहण्याचा खर्च वाचतो, तिचं पत्र, पत्ता आणि तिथल्या वास्तव्याचा पुरावा जोडला की प्रवासाचं कारण स्पष्ट होतं. मात्र मावशीने खर्च उचलायचा म्हटलं तरी तुमचं स्वतःचं उत्पन्न दाखवावंच.

अमेरिका: दोन मिनिटं आणि दहा वर्षं

बी-१/बी-२, म्हणजे पर्यटन किंवा कामानिमित्त छोट्या भेटीच्या व्हिसाची फी माणशी १८५ डॉलर. मिळाला तर बहुधा १० वर्षांचा. वर्षांच्या हिशेबाने शेंगेन आणि ब्रिटनपेक्षा हा स्वस्त, पण तिथवर पोचायची वाट लांब. डीएस-१६० हा फॉर्म भरा, फी भरा, मग दोन फेऱ्या. आधी ठसे आणि फोटो, नंतर वाणिज्य दूतावासात मुलाखत. गोवेकरांना दोन्हीसाठी मुंबई. कोकणकन्येने रात्री निघून सकाळी सीएसएमटीला उतरायचं, ठसे द्यायचे, मुक्काम, दुसऱ्या दिवशी वांद्रे-कुर्ला संकुल. चौघांच्या कुटुंबाला हा जवळजवळ वेगळा प्रवासच होतो, तेव्हा त्याचाही खर्च फीमध्ये धरा.

सप्टेंबर २०२५ पासून १४ वर्षांखालची मुलं आणि ७९ वर्षांवरचे आजी-आजोबा यांनाही साधारणपणे मुलाखतीला जावं लागतं. पूर्वी त्यांना सूट होती. जुना व्हिसा संपून १२ महिने झाले नसतील तर नूतनीकरणाला अजून मुलाखतीतून सवलत मिळू शकते.

मुलाखत दोनतीन मिनिटांची. फाइल फुगवून नेली तरी अधिकारी ती उघडेलच असं नाही. का जाताय, कुणाकडे, काय काम करता, खर्च कोण करणार, याची सरळ उत्तरं हवीत. मराठीतून मुलाखत देण्याचीही सोय मुंबईत असते. मोडक्या इंग्रजीपेक्षा ती घ्यावी. नकार आला तर बहुतेकदा कलम २१४-बी, म्हणजे तुम्ही परत याल याची खात्री पटली नाही. चवथीला घरचा गणपती सोडून माणूस कुठे राहणार, हे आपल्याला कळतं, त्या खिडकीपलीकडच्याला नाही. ते नोकरी, धंदा आणि कुटुंबाच्या भाषेत सांगावं लागतं.

बोटीवर काम करणाऱ्यांसाठी एवढंच: सी-१/डी व्हिसा जहाजावर रुजू होण्यासाठी आहे, त्यावर बायकोमुलांना घेऊन न्यूयॉर्क बघता येत नाही. आणि शेंगेन असो वा ब्रिटन, अर्ज आत असेपर्यंत पासपोर्ट बहुधा तुमच्या हातात नसतो. कंपनीचं बोलावणं कधीही येणार असेल तर त्या आठवड्यांत अर्ज टाकूच नका.

बिनव्हिसाचे आणि ऑनलाइन व्हिसाचे देश

इथे फार बोलण्यासारखं नाही. थायलंडने जुलै २०२४ मध्ये भारतीयांसाठी बिनव्हिसा मुक्काम ६० दिवसांचा केला आणि १ मे २०२५ पासून पोचण्याआधीच्या ३ दिवसांत डिजिटल आगमन कार्ड भरणं सक्तीचं केलं. मलेशियात डिसेंबर २०२३ पासून ३० दिवस बिनव्हिसा. व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा, एका प्रवेशाचा २५ डॉलर आणि अनेक प्रवेशांचा ५०. हे नियम सरकारी निर्णयाने केव्हाही फिरतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी पुन्हा बघा. हातात महिनाभरच असेल किंवा बँकेचे कागद कच्चे असतील तर इथेच जा, मनात किंतु नको.

‘आधी बँकॉकचे दोन शिक्के मारून घे, मग युरोप मिळतो’ हा सल्ला मात्र मी देणार नाही. केलेल्या प्रवासाची नोंद असली तर हरकत नाही, पण दोन शिक्क्यांनी रिकाम्या खात्याची भरपाई होत नाही. बँकॉकला जायचं ते बँकॉक बघायला.

कमाई दिसते कशी

खरा निवाडा इथे होतो. पणजीतल्या सरकारी कचेरीतला कारकून कमी पगारातही निश्चिंत, कारण पगारपत्रक, रजेचं पत्र, फॉर्म-१६ सगळं तयार. कळंगुटला चार खोल्या भाड्याने देणारा त्याच्या तिप्पट कमवतो, पण पैसे रोखीत येतात, रोखीतच जातात, आणि आयटीआर नाममात्र. त्याने अर्जाच्या आठवड्यात पाच लाख खात्यात टाकले तर तेच संशयाचं कारण ठरतं. त्याने सहा महिने आधीपासून भाडं बँकेत घ्यायला सुरुवात करावी. एखादी जागा विकून मोठी रक्कम आली असेल तर विक्रीखताची प्रत सोबत लावावी. भाट (नारळाची बाग) आहे, घर आहे, म्हणून एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा उतारा जोडणं ठीक. त्यातून मुळं दिसतात, खर्चायचा पैसा दिसत नाही. दोन्ही लागतात.

बायको गृहिणी असेल तर नवऱ्याचं खर्चाचं पत्र आणि लग्नाचा दाखला. गोव्यात लग्नाची नोंदणी सक्तीची, त्यामुळे दाखला घरात असतोच. अडचण होते ती नावांची. दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, बँकेत तिसरंच. जुन्या नोंदीत परबांचे पोरोबो आणि कामतांचे कामोतीं झालेले. फॉर्ममध्ये पासपोर्टवरचं स्पेलिंग अक्षरशः तसंच उतरवा आणि फरकाचा खुलासा सोबतच्या पत्रात दोन ओळींत करा. लागलं तर प्रतिज्ञापत्र जोडा.

नोकरदार आणि कागद चोख असतील तर माझं मत शेंगेन, पणजीतून. जवळचं माणूस इंग्लंडात असेल तर ब्रिटन. मुलगा-सून न्यू जर्सीला आणि नातवंडं बघायला वरचेवर जायचं, तर तारखेची वाट बघूनही अमेरिका. धंदा रोखीचा असेल तर यंदा व्हिएतनाम आणि युरोप पुढच्या वर्षी, खातं नीट झाल्यावर.

एजंट घ्यायचा की नाही? फॉर्म भरायला आणि अपॉइंटमेंट घ्यायला घ्या, बिघडत नाही. पण ‘व्हिसा शंभर टक्के’ म्हणणाऱ्याला दारातूनच देव बरे करो म्हणा, कारण निर्णय त्याच्या हातात नसतो. खोटं पगारपत्रक किंवा बनावट स्टेटमेंट सापडलं तर ब्रिटन १० वर्षं दार बंद करू शकतं आणि अमेरिका कायमचं. शिक्षा एजंटला होत नाही, सही तुमची असते. भरलेला फॉर्म पाठवण्याआधी स्वतः ओळ न् ओळ वाचा, आणि त्यातला ईमेल आणि फोन नंबर एजंटचा नव्हे, तुमचा आहे ना, तेवढं बघा.